राजदूतचं पुढचं चाक

‘उत्पादन थांबलं, वापर थांबला नाही’ असा विषय संपादकांनी यंदा दिला, तेव्हा मी राजदूत मोटारसायकल निवडली. तीही अख्खी नाही. तिचं पुढचं चाक गाडीला जिथे आणि जसं जोडलेलं आहे, तेवढाच भाग. राजदूतवर प्रेम करणारे आणि तिला कंटाळून विकून टाकणारे, दोघंही बोलता बोलता तिथेच येऊन थांबतात. गाडी चांगली की वाईट, हे त्यांनी हँडलवरच्या हातांनी ठरवलेलं असतं.

नागपूरचा प्रताप नगर चौक यासाठी सोयीचा. एका बाजूला खामला, दुसऱ्या बाजूला त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर आणि पुढे हिंगण्याकडे जाणारे रस्ते. सकाळी त्या बाजूने दूध येतं, दहानंतर माटे चौक आणि आयटी पार्ककडे जाणारी तरुण गर्दी. दोन-तीन पिढ्यांच्या दुचाकी एकाच सिग्नलला उभ्या राहतात. आतल्या गल्ल्यांमधले प्लॉट जुने, घरं नोकरदारांनी कर्ज काढून बांधलेली. पोर्चमध्ये एक चालती गाडी आणि एक ताडपत्रीखालची, हे दृश्य इथे नवलाचं नाही. ताडपत्रीखाली बहुतेक वेळा बजाजची चेतक स्कूटर निघते. क्वचित राजदूत.

सिग्नलला उभ्या गाड्यांकडे फक्त गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलं, तर आज जवळजवळ प्रत्येकीला पुढे दोन सरळ नळ्या दिसतात. नळीत नळी, आत स्प्रिंग आणि ऑइल. हाच टेलिस्कोपिक फोर्क, गॅरेजच्या बोलीत ‘शॉकअप’. राजदूतचं तसं नाही. तिथे चाकाच्या मागच्या अंगाने दोन पाय खाली उतरतात, त्यांच्या टोकाशी एक आडवा चिमटा खिळलेला असतो, तो चाकाला दोन्ही बाजूंनी धरून पुढे येतो आणि धुऱ्यापाशी संपतो. धुऱ्याजवळून दोन छोटे शॉकअॅब्सॉर्बर वर जातात. मागच्या चाकाला जो स्विंग आर्म असतो, ज्याला मिस्त्री चिमटाच म्हणतात, त्याचाच भाऊ पुढे बसवलेला.

ब्रेक मारला की काय होतं

या जोडणीची खरी ओळख ब्रेक मारताना होते. टेलिस्कोपिक गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, नळ्या आत जातात, गाडीचं नाक खाली जातं. आपल्याला याची इतकी सवय आहे की ते जाणवतही नाही. राजदूतमध्ये ब्रेक ड्रमची ताटली चिमट्याला बांधलेली असते. ब्रेक लागला की फिरणारं चाक त्या ताटलीला आपल्यासोबत फिरवू पाहतं, ताटली चिमट्याला ओढते. चिमट्याचा खिळा चाकाच्या मागे आहे, म्हणून त्याचं पुढचं टोक खाली रेटलं जातं. वजन पुढून खाली दाबतंय आणि चिमटा समोरून वर उचलतोय, असा हा सामना. निकाल असा की नाक बुडत नाही. जोरात ब्रेक मारला तर हँडल किंचित वरच येतं.

हिंगण्याच्या बाजूने दूध आणणारे एक काका अजून राजदूत चालवतात. मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले, सीटवर मागे पोतं. त्यांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं : “ब्रेक मारला तं तोंड खाली नाही जात जी, कॅनातलं दूध हालत नाही.” मी शॉकअॅब्सॉर्बरबद्दल विचारत होतो, ते दुधाबद्दल सांगत होते. गोष्ट एकच होती. मागे दीड माणसाचं ओझं असताना पुढून गाडी खाली वाकली की ओझं पुढे येतं, मग चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतं. ज्या गाडीला हे होत नाही, ती दूधवाल्याची गाडी होते. सिनेमातला धर्मेंद्र राजदूतच्या जाहिरातीत होता, ‘बॉबी’मुळे तिच्या छोट्या जीटीएस भावंडाला नाव मिळालं, पण राजदूतचं पोट भरलं ते दूधवाल्यांनी, गावोगावच्या मास्तरांनी आणि ग्रामसेवकांनी.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगणारे भेटले. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, प्रताप नगरच्याच आतल्या लेनमध्ये राहतात. त्यांनी राजदूत पुष्कळ वर्षं चालवली आणि विकली, त्याचा त्यांना अजिबात पश्चात्ताप नाही. त्यांचं म्हणणं : हँडल जड. वळणावर गाडी वळवायची तर तिला समजवावं लागतं. चिमट्याचे बुश झिजले की पुढचं चाक स्वतःच्या मनाने चालतं, आणि ते झिजले आहेत हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. छोट्या खड्ड्यांच्या ओळीवर हँडल हातात थरथरतं. “दूधवाल्यांना चांगली वाटली असेल,” ते म्हणाले, “मला रोज कामठी रोडनं जावं लागे.”

दोघंही बरोबर आहेत. या जोडणीचं वजन मोठं, आणि त्यातला बराच भाग हँडलसोबत फिरतो, म्हणून ती वळायला जड. मात्र सरळ रस्त्यावर, ओझ्यासह, ती शांत. कुणाला काय आवडलं हे ज्याच्या-त्याच्या रस्त्यावर अवलंबून होतं.

बर्मिंगहॅम, बव्हेरिया, पोलंड, फरीदाबाद

ही कल्पना इंग्लंडच्या अर्नी अर्ल्स यांची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिचं पेटंट घेतलं, म्हणून जगभर तिला अर्ल्स फोर्क म्हणतात. तिला मोठं केलं बीएमडब्ल्यूने. 1955 पासून 1969 पर्यंत बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकली याच फोर्कवर धावल्या. गंमत म्हणजे हीच कंपनी 1935 मध्ये आर 12 या गाडीवर ऑइलने दाब घेणारा टेलिस्कोपिक फोर्क आणून पुढे गेलेली होती. तरी वीस वर्षांनी ती मागे वळली, कारण साइडकार. साइडकार जोडली की वळताना पुढच्या जोडणीवर आडवा ताण येतो, आणि लांब नळ्यांपेक्षा चिमटा तो ताण चांगला सोसतो. बीएमडब्ल्यूच्या फोर्कवर चिमटा खिळण्यासाठी दोन जागा ठेवल्या होत्या, एक एकट्या गाडीसाठी, एक साइडकारसाठी. युरोपातल्या कुटुंबांनी छोट्या मोटारी घेतल्या, साइडकार संपली, आणि तिच्यासोबत अर्ल्सही.

पोलंडमध्ये किएल्त्से या गावी एसएचएल कारखान्यात 1961 पासून एम 11 ही मोटारसायकल बनू लागली. 173 सीसी, टू-स्ट्रोक, पुढे चिमटा. 1962 मध्ये तिचा परवाना भारतात एस्कॉर्ट्सकडे आला आणि फरीदाबादला तिची राजदूत झाली. पोलंडमध्ये ती काही वर्षांतच थांबली. आपल्याकडे ती दशकानुदशकं चालली, मुळात फारसा बदल न करता. परवाना राजवटीत नवीन यंत्रसामग्री आणणं अवघड होतं, हे एक कारण. दुसरं कारण रस्ते. पोलंडच्या खेड्यातल्या कच्च्या रस्त्यासाठी घडवलेली गाडी काटोल-कळमेश्वरच्या मुरुमाच्या रस्त्यावर परकी वाटली नाही.

मग 1984 ते 1986 या दोन-अडीच वर्षांत सगळं फिरलं. इंड-सुझुकीची एएक्स 100, हिरो होंडाची सीडी 100, खुद्द एस्कॉर्ट्सचीच यामाहा आरएक्स 100, बजाजची कावासाकी केबी 100. चौघी हलक्या, चौघींना पुढे दोन नळ्या. त्यातल्या हिरो होंडाने पेट्रोलचा हिशेबच बदलून टाकला. राजदूतलाही पुढे टेलिस्कोपिकचं मॉडेल मिळालं, पण तोवर प्रश्न पुढच्या चाकापुरता राहिला नव्हता. धुराचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोकचे दिवस भरले, एस्कॉर्ट्सची मोटारसायकल यामाहाच्या हाती गेली आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत राजदूत संपली. म्हणजे चिमटा हरला तो चिमटा म्हणून नाही. तो ज्या इंजिनाला जोडलेला होता ते गेलं, त्याच्यासोबत तोही गेला. राजदूतवाल्यांची मुख्य तक्रार मला तरी हीच ऐकू आली : पुढचं चाक चांगलं होतं, त्याला दुसरं इंजिन द्यायला हवं होतं.

चेतकची तिरकी चाल

ताडपत्रीखालच्या चेतकची कथा याच्या उलट. व्हेस्पाकडून आलेल्या तिच्या पुढच्या जोडणीतही छोटा हात आहे, पण तिथे चाकाचा धुरा खिळ्याच्या मागे असतो. त्यामुळे राजदूतमध्ये जे बळ नाक वर उचलतं, तेच इथे नाक खाली खेचतं. चेतकचा पुढचा ब्रेक करकचून दाबणारा माणूस एकदाच दाबतो, असं जुने लोक सांगत. सगळा भरवसा उजव्या पायाखालच्या मागच्या ब्रेकवर. त्यात इंजिन एका बाजूला, म्हणून गाडी मुळातच कललेली.

तरीही लोकांनी या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. विदर्भाला तर ती घरचीच. बजाज ऑटोची मूळ कंपनी 1945 मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने सुरू झाली, आणि ते बछराज म्हणजे वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे दत्तक आजोबा. चेतकच्या पुढच्या चाकाचं एक सुख मात्र टेलिस्कोपिकला कधी देता आलं नाही. चाक एकाच बाजूने धरलेलं. पंक्चर झालं की नट सोडायचे, स्टेपनी लावायची, दहा मिनिटांत पुढे. धुरा उपसायचा नाही, ब्रेकची केबल सोडायची नाही. बायका-मुलांसह रात्री रिंगरोडवर अडकलेल्या माणसाला ही सोय किती मोलाची होती, हे ट्यूबलेस टायरवर वाढलेल्या पिढीला सांगूनही कळणार नाही.

2020 मध्ये विजेवरची चेतक बाजारात आली तेव्हाही बजाजने पुढचं चाक एकाच बाजूने, लिंकवरच धरलं. बारामतीला 2012 पासून बनणारी व्हेस्पाही तशीच.

अॅक्टिव्हाने रांग सोडली

या सगळ्यात लोकांच्या नकळत झालेला सगळ्यात मोठा बदल अॅक्टिव्हाचा. प्रताप नगरमध्ये शिकवणीला जाणारी मुलगी, भाजी आणणाऱ्या काकू, औषधांचा प्रतिनिधी, सगळ्यांची ही गाडी. पहिल्या अॅक्टिव्हापासून 5जीपर्यंत तिच्या पुढच्या चाकाशी बॉटम लिंक होती. फोर्क खाली येतो, त्याच्या टोकाशी बोटभर लांबीचा हात, आणि त्या हातावर चाक. होंडाने ही युक्ती 1958 च्या सुपर कबपासून वापरली. म्हणजे राजदूतचा चिमटा आणि अॅक्टिव्हाची लिंक एकाच घराण्यातले, फक्त एकाचा हात लांब आणि दुसरीचा आखूड. जानेवारी 2020 मध्ये अॅक्टिव्हा 6जी आली आणि लिंक गेली. टेलिस्कोपिक फोर्क आला, पुढचं चाक दहा इंचांवरून बारा इंचांचं झालं.

चौकाजवळच्या एका गॅरेजात मी जुनी अॅक्टिव्हा उघडलेली पाहत बसलो. गाडी मोठ्या स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी. मिस्त्रीने चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. टक्‌ असा आवाज आला. तो म्हणाला, बुश गेले. लिंकचे बोल्ट काढल्यावर आतून जे निघालं ते करंगळीच्या पेराएवढं, एका अंगाने चंद्रकोरीसारखं झिजलेलं. दुसऱ्या अंगाला मूळची जाडी शाबूत होती. वाळलेलं ग्रीस, त्यात सिमेंट रस्त्याची करडी भुकटी. नवे बुश ठोकून बसवले, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले, चाक पुन्हा हलवलं. आवाज नाही. हे सगळं एक चहा थंड होईपर्यंत झालं, आणि ज्या काकूंची गाडी होती त्या शेजारच्या दुकानातून पोहे घेऊन परत आल्या होत्या.

टेलिस्कोपिकमध्ये हे असं होत नाही. तिथे ऑइल सील जाते, नळीवरून तेल ओघळतं, ब्रेकवर येतं. सील बदलायची तर नळ्या उतरवाव्या लागतात, ऑइल मापून भरावं लागतं. खड्ड्यात आपटून नळी वाकली तर ती सरळ करणारा वेगळा माणूस गाठावा लागतो. दर दहा माणसांमागे नऊजणांना नवी अॅक्टिव्हा जास्त मऊ वाटते, असं मिस्त्री म्हणाला, आणि ते खोटं नाही. नागपूरचे सिमेंट रस्ते सपाट असतात, पण त्यांची कड उंच. मुख्य रस्त्यावरून गल्लीत उतरताना गट्टूंच्या पट्टीपाशी जो धक्का बसतो, तो दहा इंचाच्या चाकाला आणि आखूड लिंकला पूर्ण गिळता येत नसे. बारा इंचांचं चाक आणि नळ्यांची लांब चाल तो गिळतात. पाठदुखीच्या काकूंसाठी हा बदल चांगलाच झाला.

कंपन्यांनी नळ्या का निवडल्या याची कारणं साधी आहेत. सुटे भाग कमी, जोडणी झटपट, वजन हलकं, डिस्क ब्रेक बसवायला सोपं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. पुढचा ब्रेक जितका जोरकस, तितकी त्याच्यामागची जोडणी सरळ आणि अंदाज बांधता येणारी हवी. हा युक्तिवाद मला पटतो. शहरातल्या वेगाला आणि आजच्या ब्रेकला टेलिस्कोपिक योग्यच आहे.

जुनं दिसणं आणि जुनं असणं

आयटी पार्कच्या चहाच्या टपरीपाशी जुन्या धाटणीच्या नव्या गाड्यांची रांग लागते. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, टाकीवर सोनेरी रेघा. त्या पोरांना पुढच्या फोर्कबद्दल विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच : दिसायला जुनी पाहिजे, चालायला नवी. यात वावगं काही नाही. बुलेट आणि जावा यांचं पुनरागमन इतकं सहज झालं, कारण त्यांच्या मूळ गाड्यांनाही टेलिस्कोपिकच होतं. पुढचा भाग बदलावाच लागला नाही. राजदूतचं तसं पुनरागमन कुणी केलं नाही. करायचं ठरवलं तरी चिमट्यासह करावं लागेल, नाहीतर ती राजदूत दिसणार नाही.

हे अशक्य नाही, हे हार्ले-डेव्हिडसनने दाखवून दिलं होतं. तिच्या मोठ्या गाड्यांवरचा उघड्या स्प्रिंगांचा ‘स्प्रिंगर’ फोर्क 1949 मध्ये हायड्रा-ग्लाइडच्या नळ्यांनी हटवला. तब्बल चार दशकांनी, 1988 मध्ये, कंपनीने तो स्प्रिंगर सॉफ्टेलवर परत आणला, नव्याने आखून, आणि 2011 पर्यंत कुठल्या ना कुठल्या मॉडेलवर ठेवला. स्प्रिंगर चालवणाऱ्यांत आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, चाल आखूड, देखभाल जास्त, ब्रेकला मर्यादा, बंद केला ते ठीक. दुसरा म्हणतो, गाडी चालवताना समोर स्प्रिंगा वरखाली होताना दिसतात, यंत्र काम करताना दिसतं, ते आम्हाला हवं आहे. या दुसऱ्या तटाशी प्रताप नगरच्या दूधवाल्या काकांचं जमेल असं मला वाटतं, जरी त्यांच्या गाड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी.

आणि आता रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर 2024 मध्ये मिलानला फ्लाइंग फ्ली ही विजेवरची गाडी दाखवली, तिला पुढे नळ्या नाहीत, जुन्या धाटणीचा गर्डर फोर्क आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरवल्या जाणाऱ्या त्यांच्या 125 सीसी गाडीची ती आठवण. तेव्हाच्या त्या गर्डरला स्प्रिंगऐवजी रबराचे पट्टे होते. आजचा अॅल्युमिनियमचा आहे. म्हणजे एखादी भारतीय कंपनी ठरवते, तेव्हा जुनी जोडणी नव्या धातूत परत येऊ शकते.

बुश कुठून आणायचा

ज्यांच्याकडे राजदूत अजून चालती आहे त्यांचा प्रश्न वेगळाच. चिमट्याचे बुश तयार मिळणं कठीण झालंय. मिळाले तर कुणाच्या तरी पोटमाळ्यावरच्या शिल्लक मालातले. मग जुना बुश घेऊन लेथवाल्याकडे जायचं, त्याच्याकडून गनमेटलचा नवा टर्न करून घ्यायचा. चांगला लेथवाला असेल तर हा बुश कंपनीच्या बुशपेक्षा जास्त टिकतो. वाईट असेल तर भोक किंचित तिरकं जातं, आणि चाक आयुष्यभर एका बाजूला ओढत राहतं. पुढचे शॉकअॅब्सॉर्बर त्याहून अवघड, त्यांची आतली सील मापात मिळत नाही, म्हणून काहीजण ऑइलशिवाय नुसत्या स्प्रिंगवर चालवतात. ते धोक्याचं आहे. ऑइल नसलं की चाक खड्ड्यातून उडतं आणि उडत राहतं.

अशी गाडी मिळाली की काही गॅरेजवाले सरळ चिमटा कापून दुसऱ्या गाडीच्या नळ्या बसवून देतात. मला हे अजिबात पटत नाही. राजदूतच्या चौकटीची मान चिमट्याच्या हिशेबाने झुकवलेली आहे. नळ्या बसवल्या की चाकाची जागा सरकते आणि गाडी सरळ रस्त्यावरही डोलू लागते. शिवाय गाडीत मोठा बदल परवानगीशिवाय करणं कायद्यात बसत नाही.

कागदांचं गणितही जमवावं लागतं. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी. एप्रिल 2022 पासून दुचाकीसाठी त्याचं शुल्क 300 वरून 1,000 रुपये झालं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी 2,000. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लावावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि देखभालीसाठी. दूधवाल्या काकांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, “मंग दूध कोन नेईन?” प्रश्न रास्त आहे. रोज राबणाऱ्या जुन्या गाडीसाठी कायद्यात या महागड्या नूतनीकरणाखेरीज वेगळी जागा नाही. ते परवडलं नाही तर तिच्यासमोर दोनच दरवाजे : भंगार किंवा प्रदर्शन. एखादं वाहन धूर आणि ब्रेकच्या तपासणीत उत्तीर्ण होत असेल, तर वाढत्या शुल्काने त्याला हुसकावून लावू नये, असं माझं मत आहे.

तुमच्या पोर्चमध्ये, वाड्यात, गावच्या गोठ्यात राजदूत उभी असेल तर एवढं करा. ती मोठ्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक आडवं हलवून पाहा. टक्‌ आवाज आला तर चालवू नका, आधी बुश बदला. बोल्ट काढून जुनं ग्रीस पुसा, नवं भरा. शॉकअॅब्सॉर्बरमध्ये ऑइल आहे की नाही ते पाहा. कागद संपले असतील तर नूतनीकरण करून घ्या. आणि कुणी चिमटा कापून नळ्या लावून देतो म्हणाला, तर त्याला गाडी देऊ नका.